सव्वीस नंबरच्या लेण्यातला बुद्ध

अजिंठ्याच्या सव्वीस नंबरच्या लेण्यात शिरलं की बहुतेकांची नजर आधी समोरच्या स्तूपाकडे जाते. स्तूपावर पाय खाली सोडून बसलेला बुद्ध कोरला आहे आणि दर्शनी भागातल्या मोठ्या कमानी खिडकीतून येणारा उजेड त्याच्यापर्यंत पोचतो. पण आत येताच डाव्या हाताला, खांबांची रांग आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद वाटेकडे वळलं की एकदम पाय थांबतात. भिंतीला लागून बुद्ध उजव्या कुशीवर पहुडला आहे. लांबी सुमारे ७ मीटर, म्हणजे जवळजवळ २३ फूट. उजवा तळहात गालाखाली, डोकं उशीवर, डोळे मिटलेले, डावा हात अंगालगत सरळ. अंगावरचं चीवर इतकं तलम कोरलं आहे की खालच्या शरीराची गोलाई त्यातून जाणवते.

ही मूर्ती एका नजरेत मावत नाही. मागे सरकावं तर पाठीला खांब लागतात. तिला पाहायचं म्हणजे डोक्याकडून पायांकडे चालत जायचं, आणि तसं चालताना खालच्या रांगेतली माणसं एकेक करून भेटू लागतात. शय्येखाली शोकात बुडालेले भिक्षू आणि उपासक बसले आहेत. त्यांच्यात एक जण आपल्याकडे पाठ करून ध्यानाला बसला आहे आणि त्याच्याजवळ तीन काठ्यांच्या तिवईवर पाण्याचं भांडं टांगलेलं आहे. हा सुभद्र, बुद्धाने अखेरच्या घटकेला दीक्षा दिलेला शेवटचा शिष्य. पायांशी हातावर डोकं टेकून बसलेला शिष्य आनंद. उशाला आणि पायथ्याला एकेक शालवृक्ष, आणि वर आकाशातून उतरणारे देव. कुशीनगरचा महापरिनिर्वाणाचा, म्हणजे बुद्धाच्या देहत्यागाचा, तो प्रसंग पाथरवटांनी इथे सह्याद्रीच्या काळ्या कातळात उभा केला.

या सगळ्यात एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. या मूर्तीला पाठ नाही. ती घडवून इथे आणून ठेवलेली नाही. ती जिथे संपते तिथे डोंगर सुरू होतो. एखाद्या देवळातली मूर्ती उचलून संग्रहालयात नेता येते, कारागिराच्या शेडमध्ये ठेवून तिची डागडुजी करता येते. इथे ती सोय नाही. मूर्तीवर ओल आली तर ती ओल डोंगरातून आलेली असते, आणि तडा गेला तर तो डोंगरालाच गेलेला असतो. म्हणूनच अशा मूर्तीच्या जीर्णोद्धाराची खरी गोष्ट छिन्नी-हातोड्याची नाही. ती पाण्याची, दगडाची आणि माणसांच्या गर्दीची गोष्ट आहे.

लेणं कुणी कोरवलं ते दाराशीच लिहिलेलं आहे. दर्शनी भागातला संस्कृत शिलालेख सांगतो, की बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने हे लेणं अश्मक राजाचा मंत्री भव्विराज याच्या स्मरणार्थ करवलं. दोघांचा स्नेह अनेक जन्मांचा, असं बुद्धभद्र म्हणतो. डोंगरात स्मारक कशाला कोरायचं, याचंही कारण त्याने दिलं आहे. जगाच्या आठवणीत माणूस जितका काळ राहतो तितका काळ त्याला स्वर्गसुख मिळतं, म्हणून चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल असं काही डोंगरात करावं, असा त्याचा आशय. पंधराशे वर्षांपूर्वीच्या या दात्याला टिकाऊपणाची काळजी होती, हे वाचून आजच्या संवर्धनवाल्यांना नक्कीच जवळीक वाटेल.

याच लेखात अचल नावाच्या एका स्थविराचाही उल्लेख येतो. पुढे सातव्या शतकात चिनी प्रवासी युआन श्वांग महाराष्ट्रातल्या एका डोंगरी विहाराचं वर्णन करतो, आणि तो विहार अचल नावाच्या अर्हताने उभारला असं सांगतो. दाराशी दगडी हत्ती असल्याचंही तो नोंदवतो. अजिंठ्यात सोळा नंबरच्या लेण्याकडे जाणाऱ्या जिन्यापाशी दगडी हत्ती आजही उभे आहेत. त्यामुळे ते वर्णन अजिंठ्याचंच, असं अभ्यासक मानतात.

खानदेशच्या वाचकाला इथे एक धागा अधिक जवळचा वाटावा. सतरा नंबरच्या लेण्यातला शिलालेख वाकाटक सम्राट हरिषेणाच्या मांडलिक घराण्याचा आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे घराणं ऋषिक देशाचं मानलं, आणि ऋषिक म्हणजे आजचा खानदेश, असं मांडलं. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यातली कित्येक दशकं अजिंठ्याला दिली. त्यांच्या मते ऋषिक आणि अश्मक यांच्यातल्या वैराची छाया लेण्यांच्या कामावर पडली. सतरा नंबरचं लेणं ऋषिकांच्या राजाचं, तर सव्वीस नंबरचं अश्मकांच्या मंत्र्याच्या आठवणीचं. हरिषेणाच्या मृत्यूनंतर वाकाटक राज्य ढासळू लागलं, आणि त्या घाईगर्दीच्या शेवटच्या वर्षांत ज्याला जिथे जागा मिळाली तिथे त्याने मूर्ती कोरवून घेतल्या, असं स्पिंक म्हणतात. महापरिनिर्वाणाचा हा देखावाही ते त्याच शेवटच्या टप्प्यातला मानतात. स्पिंक यांचा कालक्रम सगळ्यांना मान्य नाही. पण अजिंठा म्हणजे कुठल्या तरी दूरच्या राजधानीने पाठवलेली देणगी नव्हती, इथल्याच मुलखातल्या माणसांचा पैसा आणि ईर्ष्या त्यात होती, हे त्यातून दिसतं.

आज लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात येतात, पण जळगावहून ती साधारण ६० किलोमीटरवर आहेत. १८६० च्या दशकात रेल्वे जळगाव-भुसावळला आल्यानंतर खानदेश हेच त्यांचं प्रवेशद्वार झालं. पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी, म्हणजे खानदेशात सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘पीजे’, पहूरवरून जायची आणि तिथून फर्दापूर जवळ पडायचं. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला बसला. त्या नकलांपैकी बऱ्याच लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या, तरी तो मागे हटला नाही. छायाचित्रंही त्याने काढली. १८७९ मध्ये तो वारला आणि त्याची कबर भुसावळला आहे. आणखी एक नातं पाण्याचं. ज्या वाघूर नदीने घोड्याच्या नालेसारखं वळण घेत हा कडा कापून काढला, तीच पुढे जळगाव जिल्ह्यातून वाहत तापीला मिळते आणि तिच्यावरच्या धरणाचं पाणी जळगाव शहर पितं.

पण पाणी हेच लेण्यांचं सगळ्यात मोठं दुखणंही आहे.

हा कातळ बेसाल्टचा, लाव्हाच्या एकावर एक थरांचा. थर थंड होताना त्यात उभ्या-आडव्या भेगा पडल्या, वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. काही पोकळ्यांत नंतर पांढरी स्फटिकी खनिजं साचली. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये लाल मातीसारखा मऊ पट्टा असतो. दिसायला दगड अभंग, पण आतून त्याला हजार वाटा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, कडा तापून फुगतो, आणि जूनमध्ये त्याच तापलेल्या दगडावर पाऊस कोसळतो. डोंगरमाथ्यावर पडलेलं पाणी भेगांतून मुरत खाली येतं आणि लेण्याच्या छतातून, भिंतीतून पाझरतं. येताना क्षार विरघळवून आणतं. पाणी सुकलं की क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिकरूपाने साठतात, फुगतात आणि वरची खपली ढकलून देतात. बोटाएवढ्या जाडीच्या कोरीव घडीला एवढं पुरेसं असतं.

लेणी खोदणाऱ्यांनाही हा दगड दगा देत होता. चार नंबरच्या लेण्यात, जे अजिंठ्यातला सगळ्यात मोठा विहार व्हायचं होतं, दगडातल्या दोषामुळे छताचा भाग कोसळला, म्हणून छत वर सरकवून खोदावं लागलं. तरीही ते लेणं पुरं झालंच नाही.

मूर्ती कोरून झाल्यावर तिच्यावर गिलाव्याचा पातळ थर देऊन रंगकाम करायची इथली पद्धत होती. आज काळी दिसणारी शिल्पं तेव्हा रंगीत होती, आणि कानाकोपऱ्यात गिलाव्याचे अंश अजून चिकटून आहेत. त्यामुळे अजिंठ्यातली मूर्ती साफ करणं म्हणजे दगड घासून चकचकीत करणं नव्हे. वटवाघळांची विष्ठा, धूळ, शतकानुशतकं साधू-गोसावी आणि वाटसरूंनी पेटवलेल्या चुलींची काजळी काढायची, पण तिच्याखाली उरलेला नखभर रंग जाऊ द्यायचा नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेचे रसायनतज्ज्ञ हे काम कापसाचे बोळे, मऊ ब्रश आणि नेमून दिलेली द्रावणं घेऊन करतात. दिवसभराचं काम वितीभर जागेपुरतं असू शकतं.

आधीच्या दुरुस्त्यांचे धडे याच लेण्यांनी दिले आहेत. अजिंठा निजामाच्या मुलखात होता. १९१४ मध्ये तिथे पुरातत्त्व खातं सुरू झालं, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले, आणि १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि ऑर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ बोलावले गेले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी पुन्हा भिंतीला धरून ठेवला आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे चित्रांवर लाखेचं रोगण चढवलं. त्यांनी हात घातला नसता तर आज पाहायला कितपत उरलं असतं, हा प्रश्नच आहे. पण पुढे ते रोगण पिवळं पडलं आणि धूळ धरून बसलं. नंतरच्या पिढ्यांची वर्षानुवर्षं ते उतरवण्यात गेली. १९९९ पासून मॅनेजर राजदेव सिंह या संवर्धनतज्ज्ञांच्या देखरेखीखाली नऊ आणि दहा नंबरच्या लेण्यांत काजळी-रोगणाखाली दडलेली अतिशय जुनी चित्रं हळूहळू उजेडात आली. आज चढवलेला थर उद्या काढता आला पाहिजे, हा नियम संवर्धनशास्त्रात अशाच अनुभवांतून पक्का झाला.

इथे आपल्या घरच्या संस्कारांशी या शास्त्राची थोडी ओढाताण होते. खंडित मूर्ती पुजू नये, तिचं विसर्जन करावं आणि नवी बसवावी, अशी आपल्याकडची रीत. देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की जुनं काढून नवं, गुळगुळीत, रंग दिलेलं उभं राहतं आणि गावाला त्याचा अभिमान वाटतो. त्यामुळे लेण्यात नाक झिजलेली, बोटं तुटलेली आकृती पाहून अनेक जण विचारतात, की सरकार हे नीट का करून घेत नाही? कारागीर तर आपल्याकडे आहेत.

उत्तर सरळ आहे. तुटलेलं नाक नेमकं कसं होतं हे कुणालाच माहीत नाही. जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये पुरातत्त्व खात्यासाठी लिहिलेल्या संवर्धन नियमावलीत जुन्या वास्तूंना नवं रूप देण्याचा मोह टाळायला बजावलं. १९६४ च्या व्हेनिस सनदेने तर अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, हे जगभरासाठी तत्त्व म्हणून मांडलं. नवं नाक सुबक असेलही, पण ते पाचव्या शतकातल्या त्या पाथरवटाचं नसेल, आणि पाहणाऱ्याला ते त्याचंच वाटेल. ही फसवणूक झीज होण्यापेक्षा वाईट आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर खानदेशातल्या असंख्य बौद्ध कुटुंबांसाठी हा बुद्ध निव्वळ पर्यटनाची वस्तू राहिलेला नाही. त्याच्यापुढे हात जोडणाऱ्यांचा मान राखायचा, तर जे त्यांच्यापुढे आहे ते अस्सल असलंच पाहिजे.

जगातल्या दोन बुद्धमूर्तींची उदाहरणं इथे पाहण्यासारखी आहेत. अफगाणिस्तानातल्या बामियानचे ५५ आणि ३८ मीटर उंचीचे उभे बुद्ध १९६९ ते १९७७ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने सावरले होते. तेव्हाही कामाचा मोठा भाग मूर्तींच्या वरच्या कड्यावरचं पाणी वळवणं आणि भेगा बुजवणं हाच होता. मार्च २००१ मध्ये तालिबानने दोन्ही मूर्ती सुरुंग लावून उडवल्या. त्यानंतर कोनाडे सावरले गेले, ढिगाऱ्यातले तुकडे गोळा करून जपले गेले. मूर्ती पुन्हा उभ्या कराव्यात का, यावर अजून वाद आहे, कारण उरलेला दगड थोडा आणि भरावा लागणारा नवा दगड फार.

पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यात जहानाबादला कड्यावर कोरलेला, सुमारे सातव्या शतकातला बसलेला बुद्ध आहे. २००७ मध्ये त्याच्या चेहऱ्यात सुरुंग भरून तो उडवण्यात आला. लुका मारिया ऑलिव्हिएरी यांच्या नेतृत्वाखालच्या इटालियन मोहिमेने काही वर्षं काम करून २०१६ च्या सुमारास चेहरा पुन्हा घडवला. जुनी छायाचित्रं होती, संगणकावरची त्रिमिती प्रतिमा होती, हुबेहूब नक्कल करण्याचा प्रयत्न करता आला असता. त्यांनी मुद्दामच तो केला नाही. चेहरा ओळखू येतो, शांत दिसतो, पण इथे घाव बसला होता हेही दिसतं. या निर्णयामागे मोठं धाडस आहे. गावाला त्याचा बुद्ध परत मिळाला, आणि झालेली हिंसाही पुसली गेली नाही.

अजिंठ्यात सुदैवाने सुरुंगाची वेळ आली नाही. इथलं नुकसान थेंबाथेंबाने आणि माणसामाणसाने होतं. पहिला ओरखडा तर शोध लावणाऱ्यानेच काढला. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथने दहा नंबरच्या लेण्यातल्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख कोरली. ती आज डोक्याच्याही वर दिसते, कारण तेव्हा लेण्यात साचलेल्या मातीच्या थरावर तो उभा होता. त्याच्यानंतर कितीतरी जणांनी त्याचा कित्ता गिरवला.

आता उपाय बरेच झाले आहेत. डोंगरमाथ्यावर चर आणि नाल्या काढून पावसाचं पाणी लेण्यांपासून दूर वळवतात, भेगांत दाबाने भरण करतात, कोसळलेल्या खांबांच्या जागी आधार उभे करतात. दारांना जाळ्या लावून वटवाघळं बाहेर ठेवली आहेत. १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आल्यावर काळजी वाढली. खाजगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर, साधारण ४ किलोमीटर अलीकडेच थांबतात आणि पुढे बसने जावं लागतं. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात आणि फ्लॅश मारू देत नाहीत. भर उन्हाळ्यात बसच्या रांगेत ताटकळणाऱ्याला हा जाच वाटतो. पण बंद लेण्यातली शंभर माणसं श्वासातून आणि घामातून जी वाफ सोडतात ती शेवटी भिंतीवरच बसते. हाताच्या तेलकट स्पर्शानेही दगडावर डाग पडतो. फर्दापूरजवळच्या अभ्यागत केंद्रात १, २, १६ आणि १७ नंबरच्या लेण्यांच्या प्रतिकृती उभारल्या, त्यामागचा विचार हाच होता, की निवांत बघण्याचं काम तिथे व्हावं आणि मूळ भिंतींवरचा भार हलका व्हावा. असं केंद्र नीट आणि सतत चालणं ही चैन नाही, तो संवर्धनाचाच भाग आहे.

अजिंठ्याचं एवढं कौतुक करताना खानदेशच्या उंबरठ्यावरच्या दुसऱ्या लेण्याकडे मात्र दुर्लक्ष होतं. चाळीसगावकडून पाटणादेवीला जाणाऱ्यांपैकी किती जण त्या डोंगरावरच्या पितळखोऱ्यापर्यंत पोचतात? ही लेणी अजिंठ्याच्या सुरुवातीच्या लेण्यांइतकीच जुनी, इसवी सनापूर्वीची. इथला दगड आणखी भुसभुशीत, आणि पावसाळ्यात ओढा थेट लेण्यांसमोरून वाहतो. १९५० च्या दशकात म. न. देशपांडे यांनी इथला ढिगारा उपसला तेव्हा कण्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचा लेख असलेला यक्ष सापडला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

पितळखोऱ्याच्या चैत्यगृहातले बहुतेक खांब खालून कुजून कोसळले होते. पुरातत्त्व खात्याने त्यांच्या जागी सिमेंटचे साधे, अष्टकोनी खांब उभे केले. त्यांच्यावर नक्षी नाही, रंग नाही, जुनं भासवण्याचा प्रयत्न नाही. बघणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं, हे नवे आणि ते जुने. काहींना ते रुक्ष वाटतात. पण उरलेल्या मूळ खांबांवर, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास रंगवलेल्या बुद्धाच्या आकृती अजून टिकून आहेत, आणि त्यांच्या वरचं छत तोलायला हे रुक्ष खांबच उभे आहेत.